मंगळवार म्हणजे ये

"मंगळवार," ओता म्हणाला.

चुलीपाशी बसलेल्या ब्रोकने मान तिरकी केली.

"मंगळवार!" ओताचा आवाज चढला. "मंगळवार, मंगळवार!"

ब्रोक उठला, परत बसला, आडवा झाला, मग उठून त्याने पुढचा पंजा हवेत धरला. येत होतं ते सगळं त्याने एकापाठोपाठ एक करून दाखवलं. यातलं नेमकं काय हवंय, ते काही त्याला कळेना. ओताला खरं तर एवढंच हवं होतं की कुत्र्याने जवळ यावं. डोक्यात शब्द स्वच्छ होता, तोंडातून मात्र दुसराच बाहेर पडत होता. त्याने डावी मूठ टेबलावर दाणकन आपटली. कॉफीचा कप कलंडला आणि चाळीस किलोचा तो जर्मन शेफर्ड कान पाडून, पोट जमिनीला घासत बाकाखाली शिरला.

ओताने ते पाहिलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.

"बघितलंस?" सिंकपाशी उभ्या असलेल्या रादकाने मिलुशेला विचारलं. रादका ही ओताची एकुलती एक मुलगी. "सकाळपासून चौथी वेळ. कॉफी हवी, मंगळवार. टीव्ही बंद कर, मंगळवार. परवा मी मुद्दाम विचारलं, बाबा, आज वार कोणता? तर म्हणाले, मंगळवार. आणि होता मंगळवारच! मी वेड्यासारखी नाचले गं. वाटलं, आले एकदाचे ताळ्यावर."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिने ओल्याच हाताने डोळे पुसले.

मिलुशे सुपाचा डबा हातात धरून दारातच उभी होती. ऑक्टोबरात ओताला झटका आला, त्यात उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. समज शाबूत होती. समोरच्याचं बोलणं, बातम्या, विनोद, सगळं कळत होतं. पण बोलायला गेलं की चौऱ्याहत्तर वर्षांत जमवलेल्या हजारो शब्दांतला एकच हाताला लागायचा. तोच का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. असं होतं कधीकधी, म्हणाले.

"ब्रोकचं काय ठरलं?" मिलुशेने हळूच विचारलं.

"काय ठरणार? फेब्रुवारीअखेर माझी रजा संपतेय. बर्नोला परत जाऊन ट्राम चालवायची की तिसऱ्या मजल्यावर हे जनावर सांभाळायचं? बाबांना तुझ्या शाळेमागच्या वृद्धाश्रमात जागा मिळाली, तेच नशीब. तिथल्या वाव्रोवाबाई म्हणाल्या, मांजर चालेल, पोपट चालेल. एवढा मोठा कुत्रा घ्यायचा तर तो मालकाचं ऐकणारा हवा. मालकाचं हं, दुसऱ्या कोणाचं नाही." रादकाने आवाज खाली आणला. "माझ्या डेपोतल्या एकाच्या भावाचं गोदाम आहे. राखणीला त्यांना कुत्रा हवाय."

"म्हणजे साखळीला?"

रादका सिंकमधलं भांडं घासायला लागली. खिडकीकडे तोंड करून बसलेल्या ओताने सगळं ऐकलं होतं. त्याचा चांगला हात मांडीवर पालथा पडला होता.

"मंगळवार," तो अगदी हळू म्हणाला.

मिलुशेला या माणसाने एकोणीस वर्षांपूर्वी स्वतःच्या पायांवर उभं केलं होतं. तेव्हा ती तेहतीस वर्षांची, शाळेच्या भटारखान्यात बटाटे सोलायला. इतकं हळू बोलायची की दुकानात तिच्या मागच्याला आधी माल मिळायचा. घरात नवरा, सासू, भटारखान्यात मुकादमीण, सगळे तिला मध्येच तोडून बोलायचे. त्यात पुंत्या नावाचं एक गावठी कुत्रं तिच्या गळ्यात पडलं. ते तिला गावभर फरफटत न्यायचं. एका शनिवारी त्याने तिला नदीकाठच्या कुत्र्यांच्या मैदानावर फरफटत नेलं आणि चिखलात पाडलं.

रेल्वेत सांधे बदलण्याचं काम करणारा ओता झेलेंका दर शनिवारी तिथे लोकांना कुत्री शिकवायचा. फुकट. सगळे त्याला मास्तर म्हणायचे. त्याने तिला उचललं नाही. ती उठेपर्यंत थांबला आणि म्हणाला, "आता त्याला बस म्हण."

"बस," मिलुशे म्हणाली. "बस. बस ना. बस रे पुंत्या. अरे बस."

"किती वेळा म्हणालीस?"

"पाच?"

"म्हणजे तू त्याला काय शिकवलंस? की पहिले पाच बस ऐकायचेच नसतात. एकदा सांग, पोरी. आणि मग थांब."

"नाही ऐकलं तर?"

"थांब. ओरडू नकोस, विनवू नकोस. ऐकलं की त्याच क्षणी तुकडा त्याच्या तोंडात पडला पाहिजे. आणि आज जे चालत नाही ते उद्याही चालत नाही, तू दमलेली असलीस तरी. एवढंच आहे सगळं. बाकी मी नुसता चहात रम घालून प्यायला येतो इथे."

पुंत्या सहा आठवड्यांत बसायला, थांबायला, हाकेला यायला शिकला. मिलुशेला वेळ लागला. पण एक दिवस भटारखान्यात तिने मुकादमिणीला सांगितलं, "शनिवारी मी येणार नाही." एकदाच सांगितलं आणि थांबली. समोरची बाई बघतच राहिली आणि शेवटी म्हणाली, "बरं." त्या दिवशी घरी जाताना मिलुशेला आपल्याच पायांचा आवाज ऐकू आला. आता ती त्याच भटारखान्याची मुख्य आचारीण होती. चारशे मुलांचं जेवण तिच्या शब्दावर वेळेत निघायचं आणि तो शब्द तिला कधी चढवावा लागत नसे.

मास्तरही काही जन्मापासून शहाणा नव्हता. शेकोटीवर सॉसेज भाजता भाजता एकदा त्याने तिला सांगितलं होतं, "माझा पहिला कुत्रा माझ्याकडे पोटावर सरपटत यायचा. मी त्याला काटेरी पट्टा घालून शिकवलं होतं. तेव्हा सगळे तसंच शिकवायचे. बक्षिसं जिंकला बिचारा. पण कुत्रा आपल्याकडे सरपटत येतो यात कसली आली मर्दुमकी?" त्यानंतर त्याने कुठल्याच कुत्र्यावर हात उगारला नव्हता. म्हणूनच आज कप कलंडल्यावर तो खिडकीकडे का वळला, हे त्या घरात फक्त मिलुशेला कळलं.

दुसऱ्या दिवशी ती भटारखान्यात क्नेडलीक कापत होती. उकडलेल्या पिठाचा लांबलचक लोळा, त्याभोवती दोरा आवळायचा की काप सुटतो. पन्नासाव्या कापाला तिचा हात थांबला. क्नेडलीक! मैदानावरच्या एका मेजवानीत ओताने बिअरच्या पैजेवर एका कुत्र्याला क्नेडलीक म्हटलं की आडवं व्हायला शिकवलं होतं. लोक पोट धरून हसले होते. तो म्हणाला होता, "त्यात काय? शब्दाचा अर्थ आपल्याला. त्याला फक्त आवाज, आणि आवाजामागून येणारी वस्तू."

संध्याकाळी ती खिशात सॉसेजचे नखाएवढे तुकडे घेऊन ओताच्या दारात हजर.

"मास्तर, तुमच्याकडे एक शब्द आहे ना? पुरे झाला."

ओताने तिच्याकडे असं पाहिलं की तिची जीभ अडखळली. त्याला वाटलं, हीसुद्धा थट्टा करतेय.

"क्नेडलीक आठवतंय?" ती घाईने म्हणाली. "ब्रोकला कुठे ठाऊक आहे मंगळवार म्हणजे काय! त्याने काय कॅलेंडर बघितलंय? आपण ठरवू. मंगळवार म्हणजे ये. बस आणि आडवा हो यांना तुमचा डावा हात आहेच."

ओता हलला नाही. मग त्याचे खांदे हलायला लागले. चेहऱ्याची अर्धीच बाजू हसत होती, पण ती पुरेपूर हसत होती.

त्यांनी घरातल्या लांब बोळात सुरुवात केली. एका टोकाला खुर्चीत ओता, दुसऱ्या टोकाला मिलुशे ब्रोकची दोरी धरून. ओता म्हणायचा, मंगळवार. मिलुशे दोरी सैल सोडायची. ब्रोक सॉसेजच्या वासाने धावत ओताकडे जायचा आणि त्याच क्षणी तुकडा तोंडात. दहा वेळा झालं की थांबायचं. जमलेलं असतानाच थांबायचं, हेही मास्तरांचंच. दुसऱ्या दिवशी ब्रोक शब्द पुरा व्हायच्या आत निघायला लागला. रादका दारात उभी राहून टाळ्या वाजवत होती.

चौथ्या दिवशी तो जागचा हलला नाही.

"मंगळवार," ओता म्हणाला.

ब्रोकने त्याच्याकडे पाहिलं, जांभई दिली आणि नजर दुसरीकडे वळवली.

मिलुशेने रादकाला विचारलं, "काल दिवसभर काय काय झालं?"

"काही नाही बाई. नेहमीचंच. मीठ मागितलं, चादर मागितली, बातम्या बघताना तावातावाने ओरडले."

"आणि ब्रोक?"

"तो आपला दर वेळी धावत यायचा बाबांकडे. उभा राहायचा तोंडाकडे बघत. बाबांच्या हातात काही नसायचं. मग परत जायचा."

मिलुशेने दोरी गुंडाळून ठेवली आणि खुर्ची ओढून ओतासमोर बसली. आता जे सांगायचं होतं ते तिला नको नको झालं होतं. ज्याने आपल्याला शिकवलं त्याला कसं शिकवायचं? शिवाय ती जे मागणार होती ते थोडंथोडकं नव्हतं.

"चूक त्याची नाहीये, मास्तर."

ओताने डोळे मिटले. हे त्याला तिच्याआधीच कळलं होतं.

"हा शब्द त्याला द्यायचा तर मग तो दुसऱ्या कोणाला देता येणार नाही. मिठाला नाही, चादरीला नाही. रादकालासुद्धा नाही." तिने एकदाच सांगितलं आणि थांबली.

या माणसाजवळ सगळ्या भाषेतला एक तुकडा उरला होता. अर्थ नसेना का, पण तो बाहेर पडला की खोलीत ओताचा आवाज तरी असायचा. तोही आता ती काढून घ्यायला निघाली होती. तिला वाटलं, उठावं, राहू द्या म्हणावं, गोदामवाल्याला तरी नीट समजावून सांगावं.

ओताने डोळे उघडले. बाकाखालच्या शेपटीकडे पाहिलं. मग डाव्या हाताचं बोट सावकाश उचलून ओठांवर ठेवलं.

त्या दिवसापासून तो गप्प झाला. मीठ हवं असलं की बोट दाखवायचा. राग आला की गाल फुगवायचा. शब्द ओठांवर आलेला दिसायचा. मग तो तोंड घट्ट मिटायचा आणि मानेच्या शिरा टरारून फुगायच्या. मिलुशेला धास्ती होती ती वाचा शिकवायला येणाऱ्या मुलीची. एवढं सगळं ऐकून ती पोरगी रागावेल, म्हणेल, माणसाला बोलायचं बंद करता म्हणजे काय? पण ती म्हणाली, "मी आठ आठवडे हेच सांगतेय त्यांना. आधी तो एक शब्द अडवा, म्हणजे दुसऱ्याला वाट मिळेल. माझ्यासाठी नाही अडवला कधी!" आणि तिने ब्रोककडे जरा हेव्यानेच पाहिलं. तिच्या तासाला ब्रोकला अंगणात सोडायचं, एवढं मात्र तिने ठरवून घेतलं.

एका दुपारी रादका मिलुशेला फाटकापर्यंत सोडायला आली. "घर इतकं शांत झालंय," ती म्हणाली. "त्या मंगळवारचा मला वीट आला होता. आता ब्रोकला हाक मारतात तेव्हा मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकते. रोज दहाबारा वेळाच बोलतात ते. आणि काय आवाज आहे गं बाबांचा. पूर्वीचाच आहे तसा."

फेब्रुवारीच्या मध्यावर ब्रोक अंगणाच्या पार टोकावरून, मांजर सोडून, एका हाकेला यायला लागला. ओताच्या डाव्या हाताचा पंजा वर गेला की बसायचा, पंजा खाली आला की आडवा व्हायचा. आणि एका सकाळी रादकाने कॉफी पुढे केली तेव्हा ओताने ओठ मिटून शब्द अडवला, आणि त्या अडवलेल्या जागेतून दुसरंच काही निसटलं.

"हं," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "हं, बरं."

रादका कप तसाच धरून उभी राहिली.

परीक्षा एका गुरुवारी होती. वृद्धाश्रमाच्या मोठ्या दालनात वीसेक म्हातारे-म्हाताऱ्या भिंतीला टेकून बसले होते. असली करमणूक तिथे रोज थोडीच मिळते! वाव्रोवाबाई उंच, चष्मेवाल्या, वाईट नव्हत्या. पण मागे एकदा एका कुत्र्याने तिथे कोणाला तरी पाडलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या.

"मिलुशेबाई, तुम्ही इथे माझ्याजवळ उभ्या राहा. हात खिशाबाहेर. एक शब्द बोलायचा नाही."

"नाही बोलणार."

ओता चाकांच्या खुर्चीत बसला होता, दाढी घोटून, रेल्वेचा जुना कोट घालून. हात वर गेला, ब्रोक बसला. हात खाली आला, आडवा झाला. बाईंनी मुद्दाम भांड्यांची गाडी खडखडत त्याच्या नाकासमोरून नेली. ब्रोकचा कान हलला, बाकी काही नाही. भिंतीकडून कौतुकाची कुजबुज झाली.

"आता त्यांच्यापासून लांब न्या आणि सोडा," बाई म्हणाल्या.

एका परिचारिकेने ब्रोकला दालनाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन सोडलं. तिथेच एक ठेंगणी आजी हॅमचा पाव खात बसली होती. तिने लाडाने पाव पुढे केला. "ये रे सोन्या, ये. किती वाळलाय बघा!"

ब्रोक सोन्यासारखा तिच्याकडे निघाला.

ओताने तोंड उघडलं. शब्द आला नाही.

दोन महिने त्याने तो शब्द दिवसभर दाबून धरला होता, आणि आता नेमका हवा तेव्हा तो दडून बसला. "हं," ओता म्हणाला. "हं... ब..." कपाळावर घाम आला. ब्रोकचं नाक पावापासून वितीवर होतं. मिलुशेच्या घशापर्यंत हाक आली होती. तिने एक हाक मारली असती तर ब्रोक वळला असता, आणि उद्या गोदामावर गेला असता. तिने नखं तळहातात रुतवली. ती थांबली. एकोणीस वर्षांत इतकं अवघड थांबणं तिच्या वाट्याला आलं नव्हतं. रादका दाराशी भिंतीकडे तोंड करून उभी होती.

ओताने तोंड मिटलं. खांदे सैल केले, जसे तो घाबरलेल्या माणसांना मैदानावर करायला सांगायचा. एक श्वास घेतला.

"मंगळवार."

मोठ्याने नाही. एकदाच.

ब्रोक जागच्या जागी वळला. हॅम मागे राहिलं, आजीचा हात हवेत राहिला, आणि तो दालनाच्या मधोमध दुडक्या चालीने, कान उभे करून, ताठ मानेने आला आणि ओताच्या चांगल्या हाताला नाक लावून बसला. ओताने त्याच क्षणी तुकडा दिला.

वाव्रोवाबाईंनी चष्मा काढून पुसला. "झेलेंकासाहेब, आज गुरुवार आहे," त्या म्हणाल्या.

सगळं दालन हसलं. सगळ्यात मोठ्याने ओता हसला. आजी मात्र रागावून म्हणाली, "मग मी हे आता काय करू?" आणि पाव स्वतःच खाऊन टाकला.

"सकाळ-संध्याकाळ फिरवायला कोण नेईल?" बाईंनी विचारलं.

"मी," मिलुशे म्हणाली.

"बरं तर. त्यांची खोली तळमजल्यावरचीच देऊ. दार बागेत उघडतं."

मार्चच्या अखेरीला एकदा मिलुशे ब्रोकला फिरवून परत आली, तेव्हा ओता बागेतल्या बाकावर ऊन खात बसला होता. काठी बाजूला टेकवलेली. रात्री पाऊस पडून गेला होता, बर्चच्या फांद्यांवरून अजून थेंब पडत होते. ब्रोक त्याच्या लुळ्या उजव्या पायावर हनुवटी ठेवून पसरला. शाळेत क्नेडलिकांचं पीठ भिजवायची वेळ झाली होती, तरी मिलुशेचा पाय निघेना.

"मास्तर, तुम्हाला सांगायचं राहून गेलंय," ती म्हणाली. "तेव्हा मैदानावर मी चिखलात पडले होते ना, तुम्ही मला उचललं नाहीत. घरी जाऊन रडले मी. वाटलं, काय कठोर माणूस आहे. नंतर कळलं, तुम्ही मी उठायची वाट बघत होता. तोवर माझ्यासाठी कोणी वाट बघितली नव्हती. सगळे ओढायचे, नाहीतर ढकलायचे." तिने दोरी हाताभोवती गुंडाळली, सोडली. "आज घरात माझं ऐकतात, भटारखान्यात ऐकतात. मी स्वतःचं ऐकते. तुमचे फार उपकार आहेत माझ्यावर. एवढंच."

ओताने ओठ घट्ट मिटले. ब्रोक जवळ होता आणि तोंडातून काय निसटेल याचा भरवसा नव्हता. मग डाव्या हाताने बाकाची कड धरली, अंग रेटून दोनदा सरकला आणि थोडी जागा केली. ती जागा ओली होती. त्याने कोटाची बाही पंजावर ओढून घेतली आणि फळी पुसू लागला. आधी मधला भाग, मग कड, मग दोन फळ्यांमधल्या फटीत साचलेलं पाणी. घाई नव्हती. बाही भिजून काळी झाली. सगळी जागा कोरडी झाल्यावर त्याने हात काढून घेतला.

मिलुशे बसली.